गप्प बसता येणारा डबा

स्वतः बांधलेल्या विजेच्या वाद्यातून, म्हणजे आमच्या भाषेत डब्यातून, आवाज काढणं सोपं आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. ४०१०६ नावाची चौदा पायांची एक चिप असते. तिच्या पोटात सहा इन्व्हर्टर. घरात वीज गेल्यावर लागतात ते नव्हेत: इनपुट 'वर', म्हणजे बॅटरीच्या धन बाजूजवळ, गेलं की हे आउटपुट 'खाली', म्हणजे शून्याजवळ, आणतात, आणि उलटही. त्यातल्या कुठल्याही एकाच्या आउटपुटपासून इनपुटपर्यंत एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा भाग, लावायचा, इनपुटपासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत, वीज साठवणारा एक कपॅसिटर, आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडायची. झाला ऑसिलेटर, म्हणजे सतत वर-खाली होत राहणारं सर्किट. कपॅसिटर भरत जातो, वरच्या उंबरठ्याला टेकला की इन्व्हर्टर पलटी खातो, मग कपॅसिटर रिकामा होत जातो, खालच्या उंबरठ्याला टेकला की पुन्हा पलटी. हे सेकंदाला दहाएक वेळा झालं तर टकटक ऐकू येते, हजारएक वेळा झालं तर शिट्टी. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि रेझिस्टरच्या जागी १ मेगाओमचा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, घेतला, तर एकाच फिरकीत टकटकीपासून कान किटवणाऱ्या किंकाळीपर्यंत सगळं सापडतं. असे सहा, एकाच चिपमध्ये. सोल्डरिंग आयर्न पहिल्यांदाच हातात घेतलेल्या माणसाचंही एका दुपारी होऊन जातं.

पण एकदा सुरू झालं की ते थांबत नाही. बॅटरी संपेपर्यंत वाजतच राहतं. हे घरी टेबलावर मजेचं वाटतं, लोकांसमोर वाजवायला बसलं की कळतं की पंचाईत इथेच आहे.

फुंकून वाजवायच्या वाद्याला दम लागतो, तारेच्या वाद्याला हात लागतो. दम संपला, हात थांबला, की आवाज आपोआप विरतो. म्हणजे शांतता फुकट मिळते आणि मेहनत आवाजाला लागते. आमच्या डब्यांचं उलटं आहे. आवाज फुकट, आणि प्रत्येक विरामासाठी काहीतरी बांधावं लागतं: स्विच, आवाजाला वाट देणारं-अडवणारं गेट, पेडल, काहीही. ते बांधलं नाही तर चाळीस मिनिटांचा सलग गुंजारव होतो आणि खाली नाव पडतं 'ड्रोन'. मला ड्रोन आवडतो, त्यातल्या चांगल्या लोकांना मी तासन् तास ऐकू शकते. पण आमच्या गोतावळ्यात ऐकू येणारा बराचसा ड्रोन हा निर्णय नसतो, स्विच लावायचा राहिलेला असतो.

माझ्या टेबलावर चार गोष्टी असतात. एक गेटचा डबा, ज्याबद्दल हा सगळा लेख आहे. एक मुलांचा खेळण्यातला कीबोर्ड, पोट फाडून बाहेर तारा काढलेला. एक जुना छोटा मिक्सर, ज्याचं आउटपुट त्याच्याच इनपुटमध्ये खोचलेलं आहे. आणि पत्र्याच्या झाकणाला चिकटवलेला पिएझो, म्हणजे कंपनं टिपणारी चकती. माझ्यासोबत एक मैत्रीण व्हायोलिन वाजवते, रीतसर शिकलेली, सुरांची पक्की. ती या भानगडीत का पडली हे तिलाच ठाऊक. सुरुवातीच्या एका सरावात तिने मध्येच बो खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं, मी शिरू कुठून? तुझा डबा जागाच देत नाही."

मी आवाज कमी केला. ती म्हणाली, "ते नव्हे."

तेव्हा ती बरोबर होती आणि अजूनही आहे. व्हॉल्यूम उतरवणं म्हणजे थांबणं नाही. पॉट हळूहळू शून्याकडे नेत राहणं म्हणजे 'बरंय, निघतो' म्हणून झाल्यावर अर्धा तास दारात उभं राहून गप्पा मारणं. समोरच्याला कळतच नाही की पाहुणा गेला की आहे. वाक्य संपल्यासारखा आवाज संपायला हवा असेल, तर तो एका क्षणी असला पाहिजे आणि पुढच्या क्षणी नसला पाहिजे, आणि तो क्षण माझ्या हातात पाहिजे.

इथे ४०१०६ ची चुलत बहीण कामाला येते, ४०९३. हीसुद्धा चौदा पायांची, पण हिच्यात चार नँड गेट असतात, आणि प्रत्येक गेटला एकाऐवजी दोन इनपुट. नँडचा नियम असा की दोन्ही इनपुट वर असतील तरच आउटपुट खाली येतं, एरवी ते वरच राहतं. एका इनपुटवर आधीसारखाच रेझिस्टर आणि कपॅसिटर लावला की ऑसिलेटर तयार. दुसरं इनपुट म्हणजे परवानगी. ते वर असेल तर ऑसिलेटर चालतो, खाली असेल तर चालतच नाही. दाबून ठेवलेला नव्हे, खरोखर थांबलेला. त्या परवानगीच्या पायाला १०० किलोओमचा रेझिस्टर लावून ग्राउंडला बांधायचं, म्हणजे तो एरवी खालीच राहील, आणि पाय आणि बॅटरीचा धन यांच्यामध्ये एक बटण लावायचं. बटण दाबलं की बोलतो, सोडलं की गप्प.

थांबताना एक बारीकसा 'टक्' येतो, कारण ऑसिलेटर थांबला की आउटपुट तडक वर जाऊन बसतं. काही जण तो काढून टाकायला धडपडतात. मी ठेवलाय. त्याने आवाजाला शेवट मिळतो, पाय मोडलेल्या अक्षरासारखा.

बटणाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही आणि निम्मं वादन त्यातच असतं. सर्किट बोर्डावर बसतात तसली चिमुकली बटणं मंचावर निरुपयोगी. अंधार असतो, हात घामेजलेले असतात, आणि समोर बसलेल्यांना तुम्ही काय करताय ते दिसत नाही. आर्केड खेळांच्या यंत्रांवर असतात तसली पालथ्या मुठीएवढी बटणं घ्यावीत. ती बोटाने दाबता येतात, तळव्याने दाबता येतात, रागावलात तर कोपरानेही. आणि दाबली-सोडली की मागच्या रांगेतल्या माणसालाही समजतं की आत्ताचा आवाज या हातामुळे आला आणि या हातामुळे गेला. डबा आडवा न ठेवता लोकांकडे थोडा कललेला ठेवला तर आणखी बरं. प्रयोगशील संगीताला येणारा श्रोता सोशिक असतो हे मान्य, पण तासभर कुणाच्यातरी वाकलेल्या टाळूकडे बघायला लावण्याइतकं त्याने काय केलंय?

बटणाऐवजी दोन उघडे स्क्रूही चालतात. दोन्हीवर बोट टेकवलं की कातडीतून वीज जाते आणि गेट उघडतं. पण कातडीचा रोध काही एक ठरलेला नसतो. कोरडं बोट सहज मेगाओमच्या घरात जातं, घामेजलेलं बरंच खाली येतं. त्यामुळे तिथे १०० किलोओमचा रेझिस्टर चालत नाही, १० मेगाओमचा लागतो. मग मजा अशी होते की बोट हलकंच टेकवलं तर गेट उघडू की नको अशा अवस्थेत थरथरतं, कारण आजूबाजूच्या विजेच्या तारांची गुणगुण आपलं शरीर सतत गोळा करत असतं आणि तीही त्या पायावर पोचते. आवाज मग धड सुरूही नसतो आणि बंदही नसतो, किरकिरत राहतो. घाबरलेल्या माणसाचा डबा जास्त बोलतो. मी दोन गेटना बटणं आणि एकाला स्क्रू ठेवलेत.

शरीरच सर्किटमध्ये ओढून घ्यायची कल्पना मिशेल वायसविस्झ या डच संगीतकाराची म्हणून प्रसिद्ध आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९६९ मध्ये सुरू झालेल्या स्टाइम या स्टुडिओत सत्तरच्या दशकात त्याने 'क्राकडोस' नावाची पेटी केली: वर धातूच्या उघड्या पट्ट्या, आत एक ऑप-अँप, म्हणजे संकेत मोठा करणारी चिप, एक बॅटरी, एक स्पीकर. पट्ट्यांवर बोटं ठेवली की तुम्हीच त्या सर्किटचे सुटे भाग होता आणि ती पेटी किंचाळायला, चिरकायला, गुरगुरायला लागते. त्याआधी, १९६८ मध्ये, इंग्लंडात संगीतकार ह्यू डेव्हिसने एका विश्वकोशाचा शेवटचा खंड आतून पोखरला, त्यात स्प्रिंगा, बारीक करवतीची पाती आणि असंच काही बसवलं आणि त्यांना काँटॅक्ट मायक्रोफोन, म्हणजे वस्तूला चिकटून तिची कंपनं टिपणारे मायक्रोफोन, जोडले. त्या खंडाच्या पाठीवर 'एसएचओ' ते 'झेडवायजी' असं छापलेलं होतं, म्हणून वाद्याचं नाव पडलं 'शोझिग'. इतकी निर्लज्ज आणि सुरेख नामकरणाची पद्धत मला दुसरी माहीत नाही. पण मला त्याचं खरं आकर्षण वेगळं आहे. करवतीचं पातं छेडलं तरच वाजतं. वाद्य विजेवर चालणारं असूनही हात काढला की ते आपोआप गप्प होतं. डेव्हिसला माझ्यासारखं गेट बांधायची गरजच पडली नाही.

आणि अमेरिकन पियानोवादक डेव्हिड ट्यूडर. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकला संगीतकार जॉन केजची चार मिनिटं तेहतीस सेकंदांची ती रचना पहिल्यांदा सादर झाली, जिच्यात वादक एकही सूर वाजवत नाही. तेव्हा पियानोसमोर ट्यूडर बसला होता. तीन भागांपैकी प्रत्येक भाग सुरू करताना तो पट्ट्यांवरचं झाकण लावायचा आणि भाग संपला की उघडायचा. हाच माणूस पुढे पियानो मागे टाकून स्वतः बांधलेल्या सर्किटांच्या नादाला लागला. १९६८ मध्ये 'रेनफॉरेस्ट' केलं; त्याच्या १९७३ च्या आवृत्तीत खोलीभर टांगलेल्या वस्तूंनाच ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेच्या संकेताने वस्तू थरथरवणारी उपकरणं, लावून स्पीकर बनवलं आणि श्रोत्यांना त्यांच्यामधून फिरायला सोडलं. १९७२ मध्ये त्याने असंही एक काम केलं की बाहेरून कुठलाच आवाज आत घ्यायचा नाही, डब्यांची आउटपुटं एकमेकांच्या इनपुटांत फिरवायची आणि त्या भोवऱ्यातून जे उसळेल ते वाजवायचं.

याचा इतिहास लिहिणारे लिहितील. मी त्यातून घेतलं ते झाकण. काहीही न वाजवणाऱ्या माणसानेसुद्धा शांतता कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे हाताने दाखवलं. तेव्हापासून मीही बटण सोडल्यावर हात तिथेच घुटमळू देत नाही, चांगला वर उचलते. मैत्रिणीला माझ्याकडे न बघतासुद्धा डोळ्याच्या कोपऱ्यातून ते दिसतं, आणि ती आत येते.

कीबोर्डची गोष्ट निराळी आहे. तिथे मी काही बांधलेलं नाही, फक्त बिघडवलंय. या बिघडवण्याला 'सर्किट बेंडिंग' हे नाव रीड गझालाने १९९२ मध्ये दिलं, पण त्याचा किस्सा साठच्या दशकातला आहे: शाळकरी वयात, मागचं झाकण काढलेला एक छोटा खेळण्यातला अ‍ॅम्प्लिफायर टेबलाच्या खणात सुरूच राहिला, खणातल्या कुठल्यातरी धातूला टेकून शॉर्ट झाला आणि भलतेच आवाज काढायला लागला. पद्धत आजही तीच आहे. बॅटरीवर चालणारं बोलकं किंवा गाणारं खेळणं उघडायचं, ते सुरू ठेवायचं, आणि तारेच्या दोन टोकांनी बोर्डावरचे दोन-दोन बिंदू जोडून बघत जायचं. क्लॉक, म्हणजे खेळण्याच्या चिपचा वेग, ठरवणारा रेझिस्टर सापडला आणि त्याजागी पॉट लावला की सगळं खेळणं वर-खाली घसरवता येतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं १९७८ चं 'स्पीक अँड स्पेल' यासाठी इतकं उघडलं गेलंय की शाबूत नमुने सापडणं कठीण व्हावं. हे सगळं फक्त बॅटरीवर. भिंतीतल्या विजेवर चालणारं काहीही उघडून आत बोट घालायचं नाही. इथे कलाकाराचं स्वातंत्र्य वगैरे बोलू नका.

बिघडवलेलं खेळणं मंचावर हमखास गोठतं. आतला प्रोसेसर चक्रावतो आणि एकच सूर धरून बसतो, कुठलंही बटण दाबा, ढिम्म. उपाय साधा आहे: बॅटरीच्या तारेत असं बटण टाकायचं जे एरवी जोडलेलं असतं आणि दाबलं की तुटतं. दाबायचं, मनात एक-दोन म्हणायचं, सोडायचं. खेळणं नव्याने जन्म घेतं. आता मी ते बटण दुरुस्तीसाठी कमी आणि विरामासाठीच जास्त वापरते. मुद्दाम गोठवायचं, धरलेला सूर थोडा वेळ लटकू द्यायचा, मग गळाच दाबायचा. परत आल्यावर ते कारखान्यातली स्वागताची धून वाजवतं, निर्विकारपणे. लोक हसतात. हसू द्यावं, या संगीतात हसायची सोय फारशी नसते.

लुई आणि बेबी बॅरन या जोडप्याची सर्किटं तर परत यायचीच नाहीत. १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटासाठी त्यांनी सर्किटांवर इतका ताण दिला की ती जळून जायची, आणि जाता जाता जे आवाज काढायची ते टेपवर पकडून ठेवलेले असायचे. टेप होती म्हणून जमलं. मला रात्री तोच डबा पिशवीत घालून घरी न्यायचा असतो.

स्वतःलाच जोडलेल्या मिक्सरबद्दल थोडक्यात. जपानी संगीतकार तोशिमारू नाकामुरा नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हेच वाजवतोय आणि त्याच्यासमोर माझं काहीच नाही. यात चिपही नाही, सोल्डरही नाही. आउटपुट इनपुटमध्ये घातलं, गेन वाढवला की एका टप्प्यावर मिक्सर स्वतःहून गायला लागतो, आणि ट्रेबल-बासची बटणं मग स्वर बदलायची बटणं होतात. तो टप्पा केसाएवढा बारीक असतो. अलीकडे काही नाही, पलीकडे एकदम कर्कश. म्हणून मिक्सर आणि मोठे स्पीकर यांच्यामध्ये लिमिटर, म्हणजे आवाज ठराविक पातळीच्या वर जाऊ न देणारं उपकरण, ठेवणं ही सभ्यता आहे. तसंच गेटच्या डब्याचं: त्यातून निघणारी चौकोनी लहर जवळजवळ पूर्ण ९ व्होल्टची असते, मिक्सरला साधारण एका व्होल्टच्या आसपास हवं असतं. १०० किलोओम आणि १० किलोओमची जोडी लावून ती अकराव्या हिश्श्यावर आणायची, मग डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्याचा संकेत मिक्सरला मानवेल असा करणाऱ्या पेटीतून, पुढे द्यायची. ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या माणसाला आधी जाऊन सांगावं की काय येणार आहे. तो बिचारा बासरीवाल्यांच्या आणि निवेदकांच्या सवयीत असतो.

आता गळतीबद्दल. माझ्या डब्यातल्या चार गेटपैकी तिसऱ्याला कपॅसिटर मोठा आहे, त्यामुळे तो इतका हळू चालतो की त्याचा सूर होत नाही. त्याचं काम बाकीच्यांपैकी एकाची परवानगी आलटून पालटून द्यायची आणि काढून घ्यायची, म्हणजे बटण दाबून ठेवलं की तुकड्या-तुकड्यांत आवाज येतो. या तिसऱ्याला मी बटण लावलेलं नाही, तो आत सतत चालू. आणि त्याच्या प्रत्येक पलटीसरशी बॅटरीच्या ताणात एक बारीक धक्का बसतो, जो त्याच बॅटरीवर चालणाऱ्या एलएम ३८६ अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचतो. परिणाम असा की सगळी बटणं सोडलेली, हात वर उचललेला, आणि स्पीकरमधून मात्र टिक... टिक... टिक.

हे सगळ्याच डब्यांत होतं. उपायही ठरलेला आहे: चिपच्या धन आणि ऋण पायांना अगदी लागून ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, आणि बॅटरीच्या दोन तारांमध्ये १०० मायक्रोफॅरडचा एक. छोटा झटपट धक्के गिळतो, मोठा संथ धक्के. तरीही राहिलंच तर अ‍ॅम्प्लिफायरला वेगळी बॅटरी द्यावी. बॅटरी उतरायला लागली की हा त्रास वाढतो. एलएम ३८६ मग स्वतःच फटफट करायला लागतो. म्हणून कार्यक्रमाला मी नवी बॅटरी घालते. अर्धमेल्या बॅटरीवरचा खोकणारा आवाज मला मनापासून आवडतो, पण तो तिच्या मर्जीने येतो, माझ्या नव्हे.

मी दोन्ही कपॅसिटर लावले, वेगळी बॅटरी दिली, आणि डबा पहिल्यांदाच पूर्ण गप्प झाला. बटण सोडलं की काही नाही. खूश होऊन मी सरावाला गेले. पहिल्या विरामात मैत्रीण आत आली, पण बावचळल्यासारखी, आणि दुसऱ्या विरामात आलीच नाही.

"ती टिकटिक कुठे गेली?" तिने विचारलं.

"काढली. गळती होती ती."

"अगं, मी तीच मोजून शिरत होते!"

तिला माझा उचललेला हात वगैरे दिसत होता, पण ती भरवसा ठेवत होती त्या टिकटिकीवर. इतके दिवस मला वाटत होतं की मी तिला जागा देतेय. जागा तो तिसरा गेट देत होता. माझ्या मते शांतता म्हणजे पूर्ण शांतता, आणि तिच्या मते, मोजता येत नाही त्या शांततेत वाजवायचं कसं. यावर आमचं अजून एकमत नाही. तोडगा म्हणून त्या गळतीसाठी एक स्विच लावलाय: एका बाजूला केला की कपॅसिटर आणि वेगळी बॅटरी दोन्ही बाजूला होतात आणि टिकटिक परत येते. डब्याच्या वरच्या बाजूला भोक पाडायला जागा उरली नव्हती, म्हणून तो मागच्या अंगाला, तिच्याकडे तोंड करून बसलाय. तो तीच चालवते. मला विचारत नाही.